फाटकापासून नळापर्यंत पंचवीस अंक

१२ जून

फाटकापासून पाण्याच्या नळापर्यंतची वाट पहिल्या दोन सरींतच गेली. पहिलीतली पोरं चप्पल हातात धरून नळावर जातात आणि गुडघ्यापर्यंत लाल होऊन वर्गात येतात. आमचा बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, त्यात मलप्रभेचा काठ. इथला पाऊस सप्टेंबरपर्यंत हटत नाही. आज एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या समितीच्या बैठकीत दोन बाय दोनच्या शहाबादी फरश्या घालायचं ठरलं. गवंड्यानं वाट मोजली, पंचवीस बसतात म्हणाला. उतरवताना एखादी फुटतेच, म्हणून सव्वीस सांगितल्या.

नुसती फरशी कशाला, तिच्यावर शिकण्यासारखं काही असू दे, असं मी म्हटलं. हेडमास्तरांना पाढे हवे होते. पाढे भिंतीवर आहेतच. पंचवीस हा आकडा ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एक संख्या फिरतेय, ती त्यांना कागदावर लिहून दाखवली:

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५

पहिल्या अंकाला १ ने भाग जातो. पहिल्या दोन अंकांच्या संख्येला, म्हणजे ३६ ला, २ ने. ३६० ला ३ ने. ३६०८ ला ४ ने. ३६०८५ ला ५ ने. असं एकेक अंक जोडत जायचं, आणि जितके अंक झाले तितक्यानं निःशेष भाग गेला पाहिजे. ही संख्या पंचविसाव्या अंकापर्यंत एकदाही अडत नाही. पंचवीस अंकांची अशी संख्या एकच आहे, आणि याहून लांब एकही नाही.

हेडमास्तरांनी ३६०८५ पर्यंत मनात करून पाहिलं, मग म्हणाले, “बाई, मुलांना हातानं करता येईल का हे सगळं?” येईल, असं सांगून आले आहे. आता करून दाखवायला हवं.

१९ जून

सातवीबरोबर सुरुवात केली. सहापर्यंत कसोट्या पाठ आहेत, त्यामुळे पाच मिनिटांत झालं. सातला गाडी थांबली. ३६०८५२८ ला सातने भागून ५१५५०४ आलं, तेव्हा वर्गात पहिल्यांदा “आलं की ओ बाई!” असा आवाज झाला. आठला शेवटचे तीन अंक २८८ बघितले. नऊला बेरीज पंचेचाळीस. दहाला शून्य. अकराला एक सोडून एक अंकांच्या बेरजा, दोन्हीकडे चोवीस.

हे लिहिताना तपासून बघितलं. विषम जागांवरचे ३, ०, ५, ८, ५, ३ मिळून २४ आणि सम जागांवरचे ६, ८, २, ८, ० मिळून २४. बरोबर आहे.

एका मुलीनं आपणहून एक गोष्ट टिपली. सम क्रमांकाच्या जागी नेहमी सम अंकच येतो. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, चोविसाव्यापर्यंत. दहावी आणि विसावी जागा शून्याशिवाय कुणाची असूच शकत नाही. पाचवी, पंधरावी, पंचविसावी फक्त शून्याची किंवा पाचाची. “मग बाई, निम्मे अंक तर आधीच ठरलेले,” ती म्हणाली. अगदी ठरलेले नाहीत, पण त्यांना फिरायला जागा फार थोडी आहे. हे तिनं भागाकार न करता बघितलं, याचा मला फार आनंद झाला.

२७ जून

बाराच्या पुढे पोरं घाबरली. एवढी लांब संख्या वहीच्या ओळीत मावत नाही, भागाकार उतरत उतरत पानाखाली जातो. म्हणून आज बाकी घेऊन चालायला शिकवलं. भागाकार लिहायचाच नाही. फक्त बाकी लक्षात ठेवायची आणि तिच्यावर पुढचा अंक उतरवायचा.

सतराचं फळ्यावर केलं. तीन. त्यावर सहा उतरवला, छत्तीस, बाकी दोन. दोनवर शून्य, वीस, बाकी तीन. तीनवर आठ, अडतीस, बाकी चार. चारवर पाच, पंचेचाळीस, बाकी अकरा. अकरावर दोन, एकशे बारा, सतरा सक एकशे दोन, बाकी दहा. दहावर आठ, एकशे आठ, बाकी सहा. सहावर आठ, अडुसष्ट. सतरा चोक अडुसष्ट, बाकी शून्य.

“झालं!” म्हणून मागच्या बाकावरचा उठलाच. झालं नव्हतं. आठ अंकांना सतरानं भाग जातो ही वाटेतली गोष्ट, आपल्याला सतरा अंक हवेत. पुन्हा चाललो. पाच. पन्नास, बाकी सोळा. एकशे त्रेसष्ट, बाकी दहा. एकशे सहा, बाकी चार. अठ्ठेचाळीस, बाकी चौदा. एकशे चव्वेचाळीस, बाकी आठ. ऐंशी, बाकी बारा. एकशे वीस, बाकी एक. शेवटी हातात नुसता एक उरला, त्यावर सतरावा अंक उतरवला, तो सात.

सतरा.

वर्ग एक क्षण गप्पच झाला. मी गेली अनेक वर्षं भागाकार शिकवते, पण शेवटच्या पायरीला भाजक स्वतःच समोर येऊन उभा राहिलेला मुलांनी असा पाहिला नव्हता.

११ जुलै

दोन दिवस पावसाची सुट्टी होती. आज शाळा भरली, पण कन्नड शाळेच्या एका खोलीची कौलं सरकलीत आणि आत धार लागलीय. आमचं आवार एकच, नळ एकच. त्यांची सहावी-सातवी आमच्या मोठ्या खोलीत आणून बसवली. कन्नड शाळेच्या अक्कोरु, म्हणजे तिथल्या बाई, आणि मी, दोघींनी मिळून एकच तास घ्यायचं ठरवलं.

भाषेची अडचण येईल असं वाटलं होतं. आली नाही. त्यांच्याकडेही भागाकारला भागाकारच म्हणतात, गुणाकारला गुणाकार. आमची पोरं “बाकी शून्य” म्हणतात, त्यांची “शेष सोन्ने”. शेष आम्हीही म्हणतोच. अर्ध्या तासात दोन्हीकडची मुलं सोन्ने, शून्य काही बघेनात, बाकी संपली की सगळी एकदम ओरडायची.

एकोणीस त्यांच्या एका मुलानं एकट्यानं केलं. तो बाकी कन्नडमध्ये मोजतो आणि उत्तर मराठीत सांगतो, कारण घरी मराठी आणि शाळा कन्नड. आमच्या भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. शेवटी सातवर सहा उतरवून शहात्तर आले आणि एकोणीस चोक शहात्तर हे त्यानं माझ्या आधी म्हटलं.

अक्कोरुंनी जाताना सांगितलं, फरश्यांवर दोन्ही आकडे काढू या. मी त्यांना हेच विचारणार होते.

२४ जुलै

आज मुलांनी तो प्रश्न विचारला ज्याची मी वाट बघत होते. ही संख्या कुणी शोधली कशी? एकेक करून बघितली काय?

एकेक करून नव्हे, वाढवत वाढवत. फळ्यावर झाड काढलं. एक अंकी नऊ संख्या. प्रत्येकीपुढे सम अंक पाच, म्हणून दोन अंकी ४५. तीन अंकी करताना बाकी शून्य असलेल्या पंधरा संख्यांना चार वाटा मिळतात (०, ३, ६, ९) आणि उरलेल्या तिसांना तीन-तीन. साठ आणि नव्वद, १५०. चारला दशकाचा अंक सम असेल तर तीन वाटा, विषम असेल तर दोन. निम्म्या निम्म्या, म्हणून ३७५. पाचला प्रत्येकीला दोनच वाटा, ७५०. इथवर मुलांनी स्वतः केलं, मी फक्त खडू धरला.

पुढचं हातानं होण्यासारखं नाही. माझ्या भाच्यानं फोनवरच पायथनमध्ये चार ओळी लिहून सगळी मोजदाद काढून दिली. सहा अंकी १२००, मग १७१३, २२२७, नऊ अंकी २४९२ आणि दहा अंकी पुन्हा २४९२. तेवढ्याच का? मुलांनी विचार केला आणि कारण सापडलं. दहाव्या जागी शून्यच येतो, प्रत्येकीला एक आणि एकच वाट, कुणी वाढत नाही, कुणी गळत नाही.

खरा बदल दहाच्या पुढे होतो आणि मला वाटतं या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. भाजक दहाहून मोठा झाला की चालणारे दोन अंक एकमेकांपासून दहाहून जास्त अंतरावर पडतात, आणि अंक तर शून्य ते नऊ दहाच. म्हणजे अकरापासून प्रत्येक संख्येला फार तर एक वारस. काहींना तोही नाही, कारण हवा तो आकडा नऊच्या वर गेलेला असतो. अकरा अंकी २२२५ उरतात, अठरा अंकी १८०, एकोणीस अंकी ९०, वीस अंकी ४४. मग १८, १२, ६, ३ आणि शेवटी १.

या सगळ्या मिळून वीस हजार चारशे छप्पन्न. त्यांतली शेवटची आमच्या वाटेवर येणार.

५ ऑगस्ट

फरश्या आल्या. सव्वीसच्या सव्वीस शाबूत. पावसात भिजून त्यांचा करडा रंग निळसर दिसतो.

शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यात मळखेड, म्हणजे राष्ट्रकूटांचं मान्यखेट. तिथल्या अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात, इसवी सन ८५० च्या आसपास, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. फरश्या उतरवत असताना मी मुलांना हे सांगितलं, कारण गणितसारसंग्रहात नेमकं असंच काहीतरी आहे. गुणाकाराची उदाहरणं अशी निवडलीत की उत्तर हारासारखं दिसावं. २७९९४६८१ गुणिले ४४१. मुलांनी ओट्यावरच खडूनं केलं: १२३४५६५४३२१. चढत गेलं आणि उतरत आलं. हीच संख्या नुसत्या सहा एकांच्या संख्येला स्वतःनेच गुणून येते, हेही एकीनं करून दाखवलं. (म्हणजे १११११‌१.)

महावीराचार्यांनी स्थानांची चोवीस नावं दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र असं करत चोविसावं महाक्षोभ. आमची संख्या पंचवीस अंकी. त्यांच्या यादीच्या एक घर पुढे. पण वाचता येते: छत्तीस महाक्षोभ आणि वर तेवीस अंक. पोरांना ‘महाक्षोभ’ शब्द इतका आवडला की दुपारी बिसियूटच्या रांगेत कुणाला भात किती हवा विचारलं तर तेच उत्तर येत होतं.

१३ सप्टेंबर

मधे महिनाभर हे काम बाजूला पडलं. गणपती, चाचणी परीक्षा, आणि सतत ओल. आज शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर व्हरांड्यात फरश्या मांडून रंगवायला घेतल्या. ऑइल पेंट खडेबाजारातून आणला होता. जुन्या एक्स-रे फिल्म कापून अंकांचे साचे केले, मराठी आकड्यांचे आम्ही, कन्नड आकड्यांचे अक्कोरुंच्या मुलांनी. डाव्या अर्ध्यात मराठी, उजव्यात कन्नड.

शून्य दोन्हीकडे सारखंच, गोल. त्यामुळे पाच फरश्यांवर मधोमध एकच मोठं वर्तुळ काढलं. ते आम्ही ठरवलेलं नव्हतं, साचे शेजारी ठेवल्यावर दिसलं.

साचे दहा कापले होते, वापरले गेले आठच. शून्य पाचदा, आठ पाचदा, सहा चारदा, तीन आणि पाच तीनतीनदा, दोन आणि सात दोनदोनदा, चार एकदाच. एक आणि नऊ या संख्येत कुठेही नाहीत. पंचवीस अंकांत दोन अंक गैरहजर, हे मी इतक्या वेळा संख्या लिहूनही पाहिलं नव्हतं. कोरे राहिलेले दोन साचे बघून एका मुलानं दाखवलं.

सव्विसावी फरशी रंगवली नाही. जादा म्हणून भिंतीला टेकवून ठेवली.

१८ सप्टेंबर

छोटी नोंद. अंकांची बेरीज ११० येते. मुलांनी लगेच ११० ने भाग जातो का बघितलं, कारण मागच्या वर्षी मी त्यांना हर्षद संख्या शिकवल्या होत्या. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी हे नाव दिलं, हर्ष देणारी ती हर्षद. आपल्या अंकांच्या बेरजेनं जिला भाग जातो ती. आमची पाचवर संपते, ११० ने जाणारच नाही. पण पहिल्या नऊ अंकांची बेरीज ४५, आणि ३६०८५२८८५ ला ४५ ने भाग जातो, ८०१८९५३ येतात. तेवढ्यावरही वर्ग खूश.

१७ ऑक्टोबर

दसऱ्याच्या सुट्टीत गवंड्यानं फरश्या बसवल्या. दोरी लावून, ओळंब्यात, सांधे सिमेंटनं भरून. काम फार देखणं झालंय. आज शाळा उघडल्यावर मुलं फाटकातूनच पळत सुटली, प्रत्येक फरशीवर थांबून बाकी म्हणत. तेराव्या फरशीवर रांग अडली.

सहावीतली मुलगी माझ्याकडे आली. “बाई, तेराला बाकी नऊ येऊलालीय.”

मला वाटलं तिची चूक. मी स्वतः उभी राहून केलं. नऊच. चौदाला सहा. मग पंधराला शून्य, सोळाला शून्य! इथे मी पण गोंधळले. चूक असेल तर ती पुढे जायला हवी, मधेच मिटली कशी?

फरश्यांच्या मागे आम्ही खडूनं क्रमांक घातले होते, ते ओले होऊन पुसले गेले असणार. गवंड्यानं तेरावी आणि चौदावी अदलाबदल करून बसवली होती. आठ-चारच्या जागी चार-आठ. अंक तेच, जागा बदललेल्या, म्हणून नुसतं बघून कुणाला कळलं नसतं. संख्येनंच सांगितलं.

मग आम्ही सगळा तास त्या चुकीवरच घालवला. ८४ च्या जागी ४८ आलं म्हणजे ३६ कमी झाले. पुढच्या अंकाला ते ३६० होतात, आणि ३६० ला पंधरानं भाग जातो, म्हणून पंधराला काही कळत नाही. मग ३६००, त्याला सोळानं भाग जातो. सतराला ३६०००, तिथे पकडलं गेलं, बाकी सहा. अठराला पुन्हा सुटलं. एकोणिसाला पुन्हा पकडलं, आणि पुन्हा बाकी सहाच. चौदा, सतरा, एकोणीस, तिन्ही ठिकाणी सहा. तपासताना एकाच भाजकावर भरवसा ठेवायचा नाही, हे त्या पोरीला मी वेगळं सांगावं लागलं नाही.

गवंडी संध्याकाळी आला. त्याला फळ्यावर दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि छिन्नी काढली.

२१ ऑक्टोबर

दोन्ही फरश्या नीट बसल्या. तेरा: बाकी शून्य. चौदा: शून्य. कन्नड शाळेच्या मुलांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून पंचवीसपर्यंत केलं, ‘इप्पत्तैदु’ म्हणत शेवटच्या फरशीवर दोन्ही पायांनी उडी.

चौथीसाठी वेगळं कोडं दिलं. एक ते नऊ प्रत्येक अंक एकदाच वापरून नऊ अंकांची अशीच संख्या करा. तीही एकच आहे, ३८१६५४७२९. पाचव्या जागी पाच हे त्यांनी दोन मिनिटांत पकडलं, बाकीचं घरी घेऊन गेलेत.

२७ नोव्हेंबर

सव्विसावी फरशी अजून भिंतीला टेकलेली होती. आज एसडीएमसीतल्या एकांनी सुचवलं, नळासमोर पाणी सांडून खड्डा पडलाय, तिथे ती टाका. म्हणजे वाट सव्वीस फरश्यांची होणार. मुलांना विचारलं, हिच्यावर काय काढायचं?

जुलैत एकोणीस ज्यानं एकट्यानं केलं होतं त्यानं खडू घेतला. पंचवीस अंकांची तेराने बाकी काढली, ती नऊ आली. नऊवर एखादा अंक उतरवायचा, नव्वद आणि वर काहीतरी. एक्याण्णव म्हणजे तेरा सत्ते. म्हणजे एक उतरवला की तेरानं भाग गेला. त्यानं फरशीजवळ ‘एक’ लिहिला. मग थांबला. सव्वीस म्हणजे तेरा दुणे. शेवटी एक आला तर संख्या विषम, दोनानं जाणारच नाही. एक पुसला. पुढचा तेरानं जाणारा आकडा एक अधिक तेरा.

“हदिनाल्कु,” तो म्हणाला. मग मराठीत, “चौदा पाहिजेत, बाई. एका फरशीत मावत नाहीत.”

आमच्या एका मुलीनं विचारलं, दोन बारीक अंक काढले तर? त्यानं मान हलवली. एका घरात एकच.

फरशी कोरीच बसवली. सिमेंट ओलं आहे म्हणून भोवती विटा लावल्या आहेत. उद्यापर्यंत पहिलीतल्या मुलांना पंचविसावरूनच वाकून पाणी प्यायचंय.